पाय कोण कापतो?

दिवाळीच्या फराळाची ताटे मांडली, की मधुमेही माणसाच्या घरी एक लहानसे न्यायालय भरते. सूनबाई लाडवाची बशी हळूच दूर सरकवितात. नातवंडांतला एखादा गुप्तहेर ओरडतो, "आजोबांनी करंजी घेतली!" चिरंजीव डोळे वटारतात. शेजारच्या काकू कारल्याचा रस, मेथीदाणे आणि जांभळाच्या बियांची पूड यांची बाजू हिरिरीने मांडतात. आरोपी बिचारा खाली मान घालून चिवडा चघळीत बसतो. फिर्यादी, वकील आणि पंच यांच्या या गर्दीत एक माणूस मात्र सहसा सापडत नाही. तो म्हणजे, "आजोबा, जरा पाय वर घ्या, तळवे पाहू द्या," असे म्हणणारा.

माझी तक्रार आहे ती या न विचारलेल्या प्रश्नाबद्दल. मधुमेह म्हटला की आपल्याला साखर दिसते आणि साखरेपलीकडचे काही दिसेनासे होते. साखरेवर पहारा ठेवणे योग्यच आहे. त्याविरुद्ध मी एक अक्षर लिहिणार नाही. परंतु या आजारात माणसाचा पाय कापण्याची वेळ येते, ती बहुधा पायाला झालेल्या एखाद्या जखमेपायी येते. आणि ती जखम कित्येक दिवस, कधी कित्येक आठवडे, त्याच घरात, त्याच माणसांच्या डोळ्यांदेखत वाढलेली असते. घरच्यांनी ती पाहिलेली नसते, रोग्याला ती दुखलेली नसते आणि डॉक्टरांनी मोजे उतरवायला सांगितलेले नसते. असे असता दोष मात्र दिला जातो नशिबाला, नाहीतर दहा वर्षांपूर्वी खाल्लेल्या जिलबीला!

"सणासुदीला हा कुजक्या जखमांचा विषय कशाला काढता?" असे काही वाचक म्हणतील. त्यांना माझे उत्तर असे, की दिवाळीइतका पायांचा सण दुसरा नाही. नरकचतुर्दशीच्या पहाटे तेल-उटणे होते, वज्रीने टाचा घासल्या जातात. कोकणात आणि गोव्यात तुळशीपुढे पायाच्या अंगठ्याने कारीट चिरडून नरकासुराचा वध करतात. पाडव्याला वडीलधाऱ्यांच्या पायांवर घरची लहानथोर डोकी टेकतात. वर्षभरात या चार दिवसांत पाय जितके आपल्या हाताला लागतात तितके एरवी लागत नाहीत. ज्या पायांना आपण हात लावतो ते एकदा उलटून पाहावेत, एवढेच मागणे आहे. त्याला मुहूर्त कशाला हवा?

प्रश्न केवढा आहे तो आधी आकड्यांत पाहू. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यांनुसार या देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. जगातल्या निरनिराळ्या अभ्यासांचा २०१७ साली जो आढावा घेतला गेला, त्यात मधुमेह्याला आयुष्यात केव्हा ना केव्हा पायाला जखम होण्याचा संभव १९ ते ३४ टक्के धरला आहे. यातला लहानातला लहान आकडा घेऊन आपल्या देशाला लावला, तरी हिशेब दोन कोटींच्या आसपास जातो. हा काही एखाद्या दुर्मिळ व्याधीचा प्रश्न नव्हे. तुमच्या वाड्यात, तुमच्या सोसायटीत, या अंकाच्या वाचकांच्या घरोघरी तो पाटावर बसून जेवतो आहे.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. पाय कोण कापतो? लोक म्हणतात, सर्जन कापतो. त्या बिचाऱ्याच्या हाती पाय येतो तो अगदी शेवटी. १९९० साली अमेरिकेत सिअ‍ॅटल येथे पेकोरारो, रायबर आणि बर्जेस या तिघांनी एक मोठे उपयुक्त काम केले. माजी सैनिकांच्या रुग्णालयात मधुमेहापायी झालेल्या ८० अंगच्छेदांचा त्यांनी एखाद्या अपघाताचा पंचनामा करावा तसा मागोवा घेतला. पायाची मूळ कुरबूर कोठे सुरू झाली, मग काय झाले, त्यानंतर काय झाले, अशी साखळी त्यांनी कडीकडीने जुळवली. ८४ टक्के प्रकरणांत अंगच्छेदापूर्वी पायाला जखम होती. आणि ८१ टक्के प्रकरणांत सुरुवात झाली होती ती एखाद्या किरकोळ इजेने. किरकोळ इजेने, वाचकहो! जोडा चावणे, नख काढताना लागणे, ठेच लागणे अशा गोष्टींना आपण एरवी इजासुद्धा म्हणत नाही. एवढ्याशा गोष्टीपासून शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंतच्या वाटेवर थांबायला जागोजागी जागा होती. कोणी थांबवले नाही म्हणून गाडी शेवटच्या स्टेशनापर्यंत गेली.

थांबवले का नाही? कारण दुखत नव्हते. सारा घोटाळा येथेच आहे. वेदनेला आपण शत्रू समजतो. वास्तविक ती शरीराची रात्रपाळीची राखणदार आहे. पायात खडा गेला की ती ओरडते, जोडा घट्ट झाला की कुरकुरते, एका जागी फार भार पडला की आपल्याला नकळत पाय बदलायला लावते. मधुमेह जुना झाला की तो पायांतले ज्ञानतंतू निकामी करीत जातो आणि ही राखणदारीण पहिल्यांदा मरते. मग बुटात राहिलेला खिळा दिवसभर टोचतो आणि मालकाला पत्ता नसतो. त्याच तंतूंच्या दुबळेपणाने बोटे आकड्यासारखी वळतात, चवड्याच्या हाडांवर नको तेवढा भार येतो, तेथे घट्टा धरतो. आणि हा घट्टा आत रुतलेल्या खड्यासारखा खालच्या मांसाला चिरडू लागतो. घामाच्या ग्रंथी मंदावल्याने कातडी कोरडी पडते, टाचेला भेगा जातात, भेगांतून जंतू शिरतात. त्यात पायाकडे येणाऱ्या रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या असल्या, तर जखम भरून काढायला लागणारी रसदही पोचत नाही. "माझे पाय अगदी ठणठणीत, काही म्हणता काही दुखत नाही," असे जो मधुमेही अभिमानाने सांगतो, त्याच्याकडे खरे तर प्रथम धावले पाहिजे.

ही सगळी हकीकत परदेशी प्रयोगशाळेतून आली असे कोणी समजू नये. तिचा मोठा भाग आपल्याच देशात उमगला, आणि तोही कुष्ठरोग्यांच्या पायांवरून. पॉल ब्रँड नावाचे इंग्रज शल्यवैद्य १९४६ साली वेलूरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले. जन्माने ते तामिळनाडूतल्या कोल्ली डोंगरांतलेच. त्या काळी सर्वांची समजूत अशी, की महारोगात मांस आपोआप सडते आणि बोटे आपोआप झडतात. ब्रँड यांनी वर्षानुवर्षे निरीक्षण करून दाखवून दिले, की आपोआप काहीच होत नाही. बधिर हात तापलेले भांडे धरतो म्हणून भाजतो. बधिर पाय जखमेवर जखम घेऊन चालतच राहतो म्हणून चिघळतो. रात्रीतून बोटे नाहीशी होण्याचे कोडे तर असे सुटले, की झोपेत उंदीर ती कुरतडीत होते आणि झोपलेल्याला कळत नव्हते. ब्रँड यांनी रोग्यांना मांजरे पाळायला दिली! त्याच पायांना विश्रांती दिली, भार हलका केला, की जखमा तुमच्या-आमच्या जखमांसारख्याच भरून येत. पायाला नीट बेतून प्लॅस्टर घालणे आणि पुढे हवेच्या बारीक बुडबुड्यांच्या मऊ रबराची वहाण वापरणे, हे त्यावरचे साधेसुधे उपाय. ब्रँड १९६६ साली अमेरिकेत लुइझियाना राज्यातल्या कारव्हिल येथे गेले आणि तेथे मधुमेह्यांचे पाय पाहिले, तर जखमा हुबेहूब त्याच. वेलूरचे शहाणपण मग अमेरिकेतल्या मधुमेह्यांच्या कामी आले.

आणि आपण? वरोऱ्याच्या आनंदवनाचे आणि बाबा आमट्यांचे नाव घेताना मराठी माणसाची छाती फुगते, आणि ती फुगावीच. परंतु कुष्ठरोग्याच्या पायाने सगळ्या जगाला जो धडा दिला, तो आपल्या घरातल्या मधुमेही मामांना आपण कधी वाचून दाखविला काय? बधिर पाय म्हणजे काय, हे ज्या देशाने जगाला शिकवले त्या देशात मामा अजून गरम पाण्याच्या पिशवीने पाय शेकतात, आणि फोड आल्यावर "कशाने आला कोण जाणे" म्हणतात.

घरगुती उपचारांचे आपले शास्त्र तर काय वर्णावे! कुरूप झाले, घ्या दाढीचे पाते. नाहीतर कातडी जाळणारी औषधी पट्टी लावा. पाय सुजला, कढत पाण्यात मीठ टाकून बुडवून ठेवा. जखम दिसली, हळद दाबा, चुना दाबा, तंबाखूही दाबा. वज्रीने भेगांतून रक्त येईपर्यंत घासा. निरोगी पायाला यांतले पुष्कळसे सोसते, कारण वेदना वेळीच "पुरे" म्हणते. बधिर पायाजवळ "पुरे" म्हणणारे कोणी नसते. याहून घातक प्रकार पाय लाल, गरम आणि सुजलेला असून जखम काहीच नसते तेव्हाचा. लोक म्हणतात, मुरगळला. मग चोळणे होते, हाडवैद्याकडे जाणे होते. वस्तुतः बधिर पायातली हाडे आतल्या आत मोडत असतात, आणि माणूस त्यांवर चालत असतो. शार्को या फ्रेंच वैद्याने १८६८ साली दुसऱ्या एका रोगात सांध्यांची ही दुर्दशा वर्णिली होती. मधुमेहाशी तिचे नाते अमेरिकेत जॉर्डन यांनी १९३६ साली दाखविले. वेळेवर प्लॅस्टर घालून भार काढला तर पाय वाचतो. चोळत बसले, तर पायाची कमान कोसळून तळवा नावेच्या बुडासारखा बाहेर येतो, आणि मग घोट्याच्या आणि पायाच्या हाडांची मोठी, खर्चाची, अनिश्चित शस्त्रक्रिया नशिबी येते.

येथे आपल्या एका आवडत्या सबबीचा समाचार घेतला पाहिजे. "घरात पायताण घालणे आपल्या संस्कृतीत बसत नाही." आर्मस्ट्राँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली अमेरिकेत एक गमतीचा शोध लावला. पायाला जखम असलेल्या रोग्यांना त्यांनी काढता-घालता येणारा संरक्षक बूट दिला आणि नकळत पावलेही मोजली. रोग्यांच्या एकूण चालण्यापैकी केवळ २८ टक्के चालणे त्या बुटात झाले होते. बाकीचे सारे बिनबुटाचे! जेथे लोक बूट घालून दिवाणखान्यात वावरतात तेथे ही कथा. मग जेथे वहाण उंबऱ्याबाहेर उतरते तेथे काय होत असेल? अनवाणी वारी करणाऱ्याची श्रद्धा मोठी, चैत्रातल्या भर दुपारी देवळाच्या तापलेल्या फरशीवर प्रदक्षिणा घालणाऱ्याची श्रद्धाही मोठी. पण देवाने भक्ती मागितली आहे, भक्ताच्या तळव्याचे कातडे मागितलेले नाही. आणि संस्कृतीचाच हवाला द्यायचा, तर आपले पूर्वज सोवळ्यात खडावा घालून वावरत होते, हे विसरता कसे? चामडे घरात नको, हा नियम होता; पाय उघडा ठेवा, हा नियम नव्हता. मऊ रबराची, मागे पट्टा असलेली, केवळ घरात घालण्याची एक स्वच्छ वहाण ठेवली तर कोणत्या देवाचा कोप होणार आहे? खडावा मात्र आज कोणी काढू नयेत. त्यांची खुंटी, तसाच चपलेचा अंगठ्याच्या बेचक्यातला पट्टा, बधिर पायाला घातकच.

आता वैद्यकी करणाऱ्यांकडे वळतो. त्यांच्याविषयी मला आदर आहे, म्हणूनच बोलतो. मधुमेही रोगी वर्षानुवर्षे दवाखान्यात येतो. त्याच्या साखरेचे कागद फायलीत जाड होत जातात. गोळी बदलते, मात्रा बदलते, रक्तदाब घेतला जातो. आणि रोगी बूट-मोज्यांसकट आला तसा बूट-मोज्यांसकट परत जातो. पायाची तपासणी करावयाला लागते काय? डोळे, दोन बोटे आणि एक नायलॉनचा तंतू. दहा ग्रॅम भाराला वाकणारा हा तंतू तळव्याला टेकवून, "कळते का?" एवढे विचारायचे असते. पायाची नाडी दोन ठिकाणी बोटांनी लागते. बोटांच्या बेचक्यात डोकावायचे असते. सारे मिळून दोन-तीन मिनिटे.

डॉक्टर म्हणतील, बाहेर चाळीस रोगी ताटकळत आहेत, दोन-तीन मिनिटे आणायची कोठून? प्रश्न खोटा नाही. पण त्यावर उपायही अवघड नाही. मधुमेह्याने आत शिरण्यापूर्वीच बूट-मोजे उतरवून बसावे, अशी पाटी बाहेर लावा. तंतू टेकवायचे काम परिचारिका किंवा कंपाउंडर शिकू शकतो. उघडा पाय समोर आला की डॉक्टरांची नजर आपोआप तिकडे जाईल. आणि रोग्यानेही लाजू नये. ज्या डॉक्टरांपुढे जीभ काढून दाखवता त्यांच्यापुढे तळवा दाखवायला संकोच कसला? त्यांनी विचारले नाही तर आपण होऊन म्हणावे, "डॉक्टर, पाय पाहता का?"

यावर दैववादी पुढे येतात. "साहेब, वीस वर्षांची साखर आहे. पाय जायचा तो जाणारच." हे वाक्य मी शिक्षितांच्या तोंडून अशिक्षितांपेक्षा अधिक वेळा ऐकले आहे. या दैवाची एक परीक्षा इंग्लंडमध्ये झाली. इप्सविच या शहरातल्या रुग्णालयाने मधुमेह्यांच्या पायांसाठी वैद्य, शल्यवैद्य, परिचारिका, पायाचे तज्ज्ञ आणि पादत्राणे बेतणारे यांना एकत्र आणून काम केले आणि प्रत्येक अंगच्छेदाची नोंद ठेवली. अकरा वर्षांच्या हिशेबात मधुमेह्यांच्या संख्येच्या मानाने मोठे अंगच्छेद ८२ टक्क्यांनी घटले. हा अहवाल २००८ सालचा. २०१२ साली इंग्लंडचाच दुसरा अभ्यास आला. एका भागात मधुमेह्यांचे पाय कापण्याचे जे प्रमाण, त्याच्या दहापट प्रमाण दुसऱ्या भागात आढळले. देश तोच, रोग तोच, सरकार तेच! दैवाला इंग्लंडच्या आरोग्य खात्याचे विभाग ठाऊक असतात काय? बॉस्टनचे विख्यात मधुमेहतज्ज्ञ जॉस्लिन यांनी तर १९३४ सालीच बजावले होते, की हे कुजणे आकाशातून उतरत नाही, ते जमिनीवरच निपजते. जे जमिनीवर निपजते ते जमिनीवर आवरताही येते.

शल्यवैद्यांनीही या बाबतीत कमालीचे काम केले आहे. आपण ते ऐकत नाही, कारण "पायाचे ऑपरेशन" म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे करवतच येते. एक उदाहरण सांगतो. चवड्याखालची जखम पुनःपुन्हा का होते? कित्येकदा टाचेमागची धोंडशीर आखडलेली असते. त्यामुळे घोटा पुरता वाकत नाही आणि पाऊल उचलताना सगळा भार चवड्यावर आदळतो. २००३ साली अमेरिकेत सेंट लुई येथे म्युलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा ६४ रोग्यांचे दोन गट केले. दोन्ही गटांना प्लॅस्टर घातले. एका गटाची धोंडशीर लहानशा शस्त्रक्रियेने जराशी लांब केली. सात महिन्यांनी पाहिले, तर नुसत्या प्लॅस्टरच्या गटात ५९ टक्के रोग्यांची जखम परत आली होती. शीर लांबवलेल्या गटात १५ टक्क्यांची. पायाच्या बोटाची शेंडी पुनःपुन्हा चिघळत असेल, तर बोट वाकविणारी शीर बारीक छेद घेऊन मोकळी करतात आणि बोट सरळ होते. नुसत्या प्लॅस्टरची करामतही थोडी नाही. २००१ सालच्या एका अभ्यासात, तळव्याला घट्ट बेतलेल्या प्लॅस्टरने बारा आठवड्यांत ८९ टक्क्यांहून अधिक जखमा भरल्या. काढता येणाऱ्या बुटाने भरल्या त्या ६५ टक्के. फरक एवढाच, की प्लॅस्टर रोग्याला काढता येत नाही!

दोन गोष्टींचा मात्र खुलासा केला पाहिजे, नाहीतर माझ्या लिहिण्याचा कोणी उलटा अर्थ घेईल. जंतू वर चढू लागले आणि जीवावर बेतले, तर कापणे हेच वाचविणे असते. एक बोट वेळेवर गेल्याने गुडघ्याखालचा पाय वाचतो, आणि पाय गेल्याने माणूस वाचतो. तेव्हा ऑपरेशनला नकार देऊन लेप लावणाऱ्यांच्या नादी लागू नये. दुसरे असे, की जखम भरली म्हणजे प्रकरण मिटले असे नव्हे. भरलेल्या जखमांपैकी सुमारे ४० टक्के वर्षाच्या आत परत उघडतात. अशा रोग्याला "बरा झाला" म्हणू नये; त्याचा पाय रजेवर आहे असे समजावे आणि पहारा दुप्पट करावा.

आपल्या दानशूरपणाबद्दलही थोडे बोलले पाहिजे. रामचंद्र शर्मा या कुशल कारागिराने आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी १९६८ च्या सुमारास घडविलेला जयपूरचा पाय ही भारताने जगाला दिलेली मोठी देणगी आहे. त्यांच्यापुढे मी नतमस्तक आहे. अपघातात पाय गमावलेल्या गरिबाला त्या पायाने शेतात उभे केले. परंतु कृत्रिम पायांच्या वाटपाचे शिबिर भरते तेव्हा मांडव पडतो, हारतुरे येतात, छायाचित्रे निघतात. खरा पाय शाबूत राहावा म्हणून मऊ वहाणा वाटण्याचे शिबिर किती गावांत भरते? वाचलेल्या पायाचे छायाचित्र निघत नाही हे खरे. तो नेहमीसारखाच दिसतो, आणि बाजारात जाऊन भाजी घेऊन येतो. पण पाय गेल्यावर नवा देणारा दाता आणि पाय जाऊ न देणारा दाता यांत मोठा कोण, हे दिवाळीच्या देणग्या काढताना एकदा मनाशी ठरवावे. साखर तपासण्याची शिबिरे आता गल्लोगल्ली भरतात. त्याच मांडवात एक स्टूल, एक विजेरी आणि तो दहा ग्रॅमचा तंतू ठेवायला काय खर्च येतो?

सरकारकडेही माझे एकच मागणे आहे. प्रत्येक जिल्ह्यात मधुमेहापायी वर्षात किती पाय कापले गेले, हा आकडा दर वर्षी जाहीर करावा. इप्सविचच्या यशात मोजणीचा वाटा मोठा होता. आकडा छापून आला, की शेजारच्या जिल्ह्यात कमी आणि आमच्या जिल्ह्यात जास्त का, असे लोक विचारू लागतील. मग उत्तर द्यावे लागेल.

सरकार करील तेव्हा करील. घरात करायचे ते या फराळापूर्वीही करता येईल. याच इप्सविचच्या डॉक्टरांनी २०११ साली एक परीक्षा प्रसिद्ध केली. तिला कोणतेही उपकरण लागत नाही. मधुमेही माणसाला मोजे काढून आडवे व्हायला सांगावे आणि डोळे मिटायला सांगावेत. आपल्या तर्जनीच्या टोकाने त्याच्या बोटाच्या शेंडीला एक-दोन सेकंद अलगद स्पर्श करावा. दाबू नये, टोचू नये, चोळू नये. आधी उजव्या पायाचा अंगठा, मग करंगळी. नंतर डावा अंगठा, डावी करंगळी. शेवटी उजवे मधले बोट आणि डावे मधले बोट. स्पर्श कळला की त्याने "उजवा" किंवा "डावा" म्हणावे. प्रत्येक बोटाला एकदाच. न कळल्यास पुन्हा प्रयत्न करून त्याला पास करू नये. सहांपैकी दोन किंवा अधिक बोटांना स्पर्श कळला नाही, तर पाय धोक्यात आहे असे समजून या आठवड्यातच डॉक्टरांना पाय दाखवावा. ज्यांना सर्व स्पर्श कळले त्यांनीही वर्षातून एकदा पायांची रीतसर तपासणी करून घ्यावी.

ज्याचा पाय बधिर ठरला, त्याच्या घरात काही नियम पाळावेत. रोज संध्याकाळी तळवे आणि बोटांची बेचके पाहावीत. वाकता येत नसेल तर आरसा धरावा, दिसत नसेल तर नातवाचे डोळे उसने घ्यावेत. वहाण घालण्यापूर्वी ती उपडी करून झटकावी आणि आत हात फिरवावा. नखे सरळ कापावीत. शेक, चटका, पाते आणि वज्री यांना रजा द्यावी. पाय धुऊन कोरडे करावेत, टाचेला तेल लावावे, बेचक्यात लावू नये. फोड, लाली, सूज किंवा ओल दिसली, तर "उद्या पाहू" म्हणू नये.

हे सारे वाचून एखादे आजोबा म्हणतील, "माझ्या पायाची एवढी चौकशी नको." त्यांचे ऐकू नका. करंजीच्या वेळी कोठे त्यांचे ऐकता?